कॅसेटमधली आजी

आमच्या घरच्या लोखंडी कपाटात १९९२ सालच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. लग्न नाशिकरोडला, बौद्ध पद्धतीने लागलेले. त्या मांडवात आमच्या आजीने कॅमेऱ्यापुढे आपल्या वडिलांची आठवण सांगितली आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते भाकरी बांधून घेऊन पायी नाशकात आले होते. आजी आता नाही. तिचा आवाज तेवढा त्या कॅसेटमध्ये उरला आहे.

ती कॅसेट संगणकावर उतरवायला आम्ही बसलो आणि अडचणी सुरू झाल्या. व्हीसीआर नात्यातून मागून आणला. नवा मिळणे नाही. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते बनवणे थांबवले.

आधी कॅसेटची झडप उघडून फीत पाहिली. पावसाळ्याच्या ओलीने फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीही खराब होतात. आमची फीत स्वच्छ निघाली. एकदा पूर्ण पुढे व मागे गुंडाळली, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून हेड साफ करून घेतले.

चित्र आले, पण काळे-पांढरे. संगणकावर अमेरिकेची एनटीएससी पद्धत निवडलेली होती. आपली पाल, सेकंदाला २५ चित्रे. तेवढे बदलले आणि रंग आले.

खरी अडचण पुढे होती. चित्र मध्येच थांबे आणि आजीचे ओठ एक बोलत, आवाज दुसराच येई. एका दुकानदाराने सांगितले, "कॅसेट संपली, टाकून द्या." पण तीच कॅसेट आम्ही सरळ टीव्हीवर लावली, तर नीट चालली! दोष कळला. जुन्या फितीवरचा संकेत डळमळतो. टीव्ही ते चालवून घेतो. संगणकाला जोडलेले यंत्र मात्र मधली चित्रे गाळते, म्हणून आवाज सुटतो. हा संकेत सावरणारे टाइम बेस करेक्टर नावाचे यंत्र असते. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडले तरी ते काम होते. आम्ही तेच केले. संगणकावरचे बाकीचे काम बंद ठेवले. आजीचे शब्द तिच्या ओठांवर आले.

बंधुभगिनींनो, कोणी 'टाकून द्या' म्हणाले, तर आधी कॅसेट टीव्हीवर लावून पाहा. उतरवलेली प्रत दोन ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेट कोरड्या जागी, उभी ठेवा.

आमच्या नातवंडांनी आजीला प्रथमच बोलताना पाहिले. धाकटीने विचारले, "पणजीचे बाबा किती लांबून चालत आले होते?" उत्तर आजीनेच दिले. कॅसेट थोडी मागे नेली, एवढेच.