घरच्या घरी संगणकचलित कोरणी यंत्र : ग्वाल्हेरच्या जाळीकामाच्या निमित्ताने

ग्वाल्हेर हे नाव मराठी वाचकांना परके नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. येथील जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहातील मेजावर चांदीची एक चिमुकली आगगाडी आहे. पाहुण्यांपुढे सुरया फिरविण्यासाठी ती केली होती. महाराज माधवराव शिंदे यांच्या यंत्रप्रेमातून उभी राहिलेली दोन फूट रुंदीच्या रुळांची खरी रेल्वे तर थेट श्योपूरपर्यंत गेली आणि २०२० पर्यंत खेडोपाडीच्या प्रवाशांची ने-आण करीत राहिली. हौस आणि उपयोग यांत फार मोठे अंतर नसते, हेच यावरून दिसते.

आज अशाच एका लहान यंत्राने हौशी कारागीर, शिक्षक व विद्यार्थी यांचे लक्ष वेधून घेतले आहे. लाकडावर नक्षी कोरणारे, घरातल्या टेबलावर मावणारे हे संगणकचलित यंत्र ‘सीएनसी राउटर’ या नावाने ओळखले जाते. त्याची रचना कशी असते, ते कोणते काम करते आणि कोणते करू शकत नाही, याची माहिती येथे दिली आहे.

यंत्राचा पूर्वेतिहास

आकड्यांच्या आज्ञेवर यंत्र चालविण्याची कल्पना अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक मिळावेत, या गरजेतून ती पुढे आली. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत १९५२ मध्ये असे यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखविण्यात आले. त्याच्या आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर नोंदविलेल्या असत. पुढे पट्टीची जागा संगणकाने घेतली; तथापि ही यंत्रे बराच काळ मोठ्या कारखान्यांतच राहिली. २००५ मध्ये इटलीत ‘आर्डुइनो’ हे लहान व स्वस्त नियंत्रक तयार झाले. त्यावर चालणारी ‘जीआरबीएल’ ही विनामूल्य आज्ञावली २००९ मध्ये उपलब्ध झाली. यानंतर सामान्य माणसाला असे यंत्र घरी जुळविणे शक्य झाले.

रचना

या यंत्राचे मुख्य भाग चार. पहिला भाग सांगाडा. तो ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा किंवा जाड प्लायवूडचा करतात. दुसरा भाग डावीकडून उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी सरकणारी गाडी. तिसरा, गाडीवर बसविलेली व कटर फिरविणारी मोटर. तिला स्पिंडल म्हणतात. चौथा भाग नियंत्रक. संगणकाकडून येणाऱ्या आज्ञा तो मोटरींना पोहोचवितो.

गाडी सरकविण्याचे काम स्टेपर मोटरी करतात. ही मोटर साध्या पंख्याच्या मोटरीप्रमाणे सलग फिरत नाही. ती पावलापावलाने फिरते. सामान्यतः तिचा एक फेरा २०० पावलांत पूर्ण होतो. नियंत्रकाने प्रत्येक पावलाचे १६ भाग केले, तर फेऱ्याला ३,२०० लहान पावले पडतात. मोटरीला जोडलेला आट्यांचा दांडा एका फेऱ्यात गाडी ८ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एका मिलिमीटरसाठी ४०० पावले लागतात. ही संख्या नियंत्रकात एकदा नोंदविली की यंत्राला माप कळू लागते.

मात्र कागदावरची ही अचूकता लाकडावर आपोआप उतरत नाही. आट्यांमध्ये ढिलाई असेल किंवा सांगाडा लवचीक असेल, तर रेषा वाकडी येते. सांगाड्याच्या आडव्या दांड्याची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच दाबाखाली त्याचा वाक आठपट होतो. म्हणून नवशिक्याने एकदम मोठे यंत्र उभारू नये. साधारण ३० सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद एवढ्या कामाच्या जागेचे यंत्र आरंभी पुरेसे होते.

जुळणी झाल्यावर तपासणी अवश्य करावी. गाडीला १०० मिलिमीटर सरकण्याची आज्ञा द्यावी व प्रत्यक्ष अंतर मोजावे. ते ९९.२ मिलिमीटर भरले, तर ४०० या संख्येला १०० ने गुणून ९९.२ ने भागावे, सुमारे ४०३.२ हा सुधारलेला आकडा मिळतो. त्यानंतर १०० मिलिमीटर बाजूचा चौरस आखून त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही १४१.४ मिलिमीटर भरले, तर यंत्र काटकोनात आहे असे समजावे.

नक्षीपासून आज्ञेपर्यंत

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात महंमद घौस यांची सोळाव्या शतकातील कबर आहे; तानसेनाची समाधीही तिच्या शेजारीच आहे. घौस यांच्या कबरीच्या चारी बाजूंना दगडी जाळ्या असून त्यांतून झिरपणारा प्रकाश पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात. अशा भौमितिक जाळ्यांच्या मुळाशी कंपास व पट्टी यांनी साधणाऱ्या आकृत्या असतात. वर्तुळ काढावे, कंपासचे अंतर तेच ठेवून परिघाचे सहा भाग करावेत आणि ते बिंदू जोडावेत, म्हणजे षट्कोन मिळतो. ही रीत शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते.

यंत्रालाही हेच बिंदू हवे असतात. फक्त ते आकड्यांत सांगावे लागतात. वर्तुळाची त्रिज्या ४० मिलिमीटर व मध्य शून्यावर धरला, तर षट्कोनाचा पहिला बिंदू आडवा ४०, उभा ०. दुसरा आडवा २०, उभा ३४.६४, याप्रमाणे पुढचे बिंदू येतात. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अमुक वेगाने सरळ जा’ अशा आज्ञांच्या यादीला जी-कोड म्हणतात. चित्र संगणकावर काढले की ही यादी आज्ञावलीच तयार करून देते. तथापि गणिताच्या शिक्षकाने एकदा तरी ती विद्यार्थ्यांकडून हाताने लिहवून घ्यावी. निर्देशक भूमितीचा धडा फळ्यावरून लाकडावर उतरलेला पाहण्याचा आनंद काही निराळाच असतो.

वेग ठरविण्याचेही साधे गणित आहे. दोन धारांचा कटर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल आणि प्रत्येक धारेने ०.०५ मिलिमीटर लाकूड काढावयाचे असेल, तर गाडी मिनिटाला १,००० मिलिमीटर वेगाने चालवावी. हलक्या यंत्रावर आरंभ याहून कमी वेगाने करावा; मात्र गाडी फारच हळू सरकली, तर कटर लाकूड कापण्याऐवजी घासतो व जाळतो. खोलीही बेताची ठेवावी. ३ मिलिमीटर जाडीच्या कटरने एका वेळी दीड मिलिमीटर खोल जाणे योग्य; म्हणजे १२ मिलिमीटरची फळी आठ फेऱ्यांत आरपार कापली जाते.

हाताचे स्थान

यंत्र आले की कारागिराचे काम जाणार, अशी भीती ठिकठिकाणी व्यक्त होते. ती सर्वस्वी निराधार नाही. एकाच नमुन्याच्या पन्नास प्रती काढण्याचे काम यंत्र न थकता करते आणि ज्याची मजुरी केवळ अशा कामावर अवलंबून आहे, त्याला त्याची झळ पोहोचते. परंतु यंत्राची मर्यादाही ध्यानात घ्यावी. फिरणारा कटर गोल असतो. त्यामुळे आतला कोपरा त्याला कधीही टोकदार कापता येत नाही. ३ मिलिमीटरचा कटर तेथे दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई मागे ठेवतो. तो कोपरा पटाशीनेच साफ करावा लागतो. शिवाय लाकडाचा पोत कोणत्या दिशेने जातो, गाठ कोठे आहे, फळी कोठे उकलेल, हे जाणत्या सुताराला दिसते. यंत्राला दिसत नाही. म्हणून या यंत्राचा खरा लाभ हातात कसब असलेल्यालाच होतो. ज्या सुताराच्या घरी असे यंत्र येते, तो कंटाळवाणे काम त्याच्यावर सोपवून कोपरे, उठाव व सफाई यांसाठी आपला वेळ राखू शकतो.

आरोग्य व सुरक्षितता

यंत्र घरात असल्याने धुळीचा प्रश्न केवळ चालविणाऱ्यापुरता राहत नाही. घरातली मुले व वृद्धही तीच हवा श्वासावाटे घेतात. लाकडाच्या धुळीने कर्करोगाचा धोका संभवतो, हे जागतिक स्तरावर मान्य झाले आहे. एमडीएफच्या फळीत तर लाकडाच्या भुशाबरोबर राळेचाही अंश असतो. कटरजवळच धूळ ओढून घेणारी नळी बसवावी, चांगल्या प्रतीची मुखपट्टी वापरावी आणि यंत्र स्वयंपाकघर व झोपण्याची खोली यांपासून दूर ठेवावे.

ग्वाल्हेरचा वालुकाश्म प्रसिद्ध आहे. तो या यंत्रावर कोरून पाहावा, असा मोह होणे स्वाभाविक आहे. तो कटाक्षाने टाळावा. वालुकाश्माच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि या रोगावर पूर्ण बरे करणारा उपाय नाही. दगडाचे काम पाण्याची सोय, धूळ ओढणारी साधने व जाणता मार्गदर्शक असलेल्या कार्यशाळेतच करावे.

याखेरीज डोळ्यांना चष्मा असावा. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस व हातमोजे फिरत्या कटरपासून दूर ठेवावेत. फळी शिकंज्याने घट्ट आवळावी. वीजजोडणीला अर्थिंग असावे व यंत्र तत्काळ बंद करणारे बटण हाताशी असावे. यंत्र चालू असताना ते सोडून जाऊ नये.

शिकण्याच्या वाटा

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, हे त्याचे सूत्र. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच तंत्रविद्या संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अशा अगदी आरंभीच्या कार्यशाळांत तिची गणना होते. खेड्यातला विद्यार्थी संगणकचलित यंत्रे हाताळू शकतो, हे तेथे दिसून आले. अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळाही आहेत.

सुतार, मूर्तिकार, पाथरवट व खेळणी बनविणारे यांच्यासह अठरा व्यवसायांतील कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तीत प्रशिक्षण, १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने, विनातारण, दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत कर्ज यांची तरतूद आहे. ग्रामसेवक व शिक्षक यांनी ही माहिती गावातील कारागिरांपर्यंत पोहोचवावी.

यंत्र विकत घेण्यापूर्वी जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत ते चालताना पाहावे. पाटावर किंवा फळीच्या तुकड्यावर एक साधा षट्कोन कोरावा आणि त्याचे कोपरे पटाशीने स्वतः साफ करावेत. यंत्राने किती केले आणि हाताने किती करावयाचे राहिले, याचा अंदाज तेवढ्यावरूनच येईल.