ताम्रपत्रावर कोरलेले ख्रिस्तमंदिर

पवित्र भाकर दर्शनासाठी ज्या पात्रात ठेवली जाते, त्या मॉन्स्ट्रन्सचे युरोपातील जुने नमुने पाहिले की एखादे चिमुकले गॉथिक कॅथेड्रलच समोर उभे असल्याचा भास होतो. तेच निमुळते कळस, त्याच टोकदार कमानी, तशीच नाजूक जाळी. पाथरवट आणि सोनार यांची भूमिती एकच होती, हे या साम्याचे कारण. आणि ती भूमिती दूरवर पोहोचविण्यास पंधराव्या शतकातील छापील चित्रांनी मोठा हातभार लावला.

जर्मनीतील रेगेन्सबुर्ग कॅथेड्रलचे स्थपती मात्तेउस रोरिट्झर यांनी 1486 साली कळसाच्या रचनेवर एक पुस्तिका छापली. चौरसाच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडले की आत निम्म्या क्षेत्रफळाचा तिरपा चौरस मिळतो. त्याच्या आत पुन्हा तसाच आणखी एक. या चौरसांवरून कळसाची सर्व अंगे ठरत. त्यासाठी ठरावीक मापाची गरज नसे. म्हणूनच दगडी कळसाची रचना वीतभर चांदीतही तंतोतंत उतरविता येई. याच सुमारास न्युरेंबर्गचे सोनार हान्स श्मुटरमायर यांनीही या विषयावर पुस्तिका काढली.

सोनारांच्या हातातील कोरणीनेच नवी मुद्रणकला घडविली. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर रेषा कोरावयाच्या, त्यांत शाई भरावयाची, पृष्ठभाग पुसून ओलसर कागद दाबावयाचा, की चित्र उमटे. कोल्मार येथील सोनाराचे पुत्र मार्टिन शोनगावर (मृत्यू 1491) यांनी अशा रीतीने धूपदाणी व बिशपांचा धर्मदंड यांची चित्रे कोरली. नेदरलँड्समधील सेर्तोगेनबॉस येथील संत योहान मंदिराचे स्थपती आलार्ट ड्यू हामेल यांनी तर स्वतःच मॉन्स्ट्रन्सचे चित्र कोरले. मंदिर बांधणारा आणि पत्रा कोरणारा हात येथे एकच होता.

पुढे धर्मसुधारणेच्या उलथापालथीत आणि युद्धांच्या काळात असंख्य पात्रे वितळविली गेली. सोन्याचांदीचे मोलच त्यांच्या मुळावर आले. साधा कागद मात्र वितळविता येत नाही. शोनगावर यांच्या धूपदाणीच्या चित्राची एक प्रत आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

यातून आपणही बोध घ्यावा. धर्मग्रामातील जुने पात्र मोडीत काढण्यापूर्वी किंवा नव्याने घडविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, मापे व त्यावरील कोरीव अक्षरे यांची नोंद अवश्य करून ठेवावी.