जुन्या दप्तराचाही हिशेब हवा

दुभत्या गाईचे दूध रोज मापले म्हणजे तिच्या पेंडीचा खर्च घरात कोणाला खटकत नाही. जुन्या कागदपत्रांच्या दप्तराचेही तसेच आहे. तेथे किती लोक आले, त्यांनी काय शोधले, काय मिळाले, हे टिपून ठेवले नाही, तर ती खोली धुळीचे कोठार वाटते. मग कपाटांसाठी, माणसांसाठी, वाळवीच्या औषधासाठी पैसा कशाच्या बळावर मागायचा?

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळचे पुष्कळ कागद उर्दूत, तर काही मोडीत आहेत. पुढचे १९५४-५५ चे खासरा पत्रक तर जमिनीच्या वादात आजही काढावे लागते. असे कागद तहसील व भूमी अभिलेख कार्यालयांत असतात. छत्रपती संभाजीनगरात पुराभिलेख संचालनालयाची शाखाही आहे.

या कागदांची किंमत २०२३ साली सर्वांना कळली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. पहिल्या फेरीत मराठवाड्यातील १ कोटी ७० लाखांहून अधिक कागद तपासले गेले आणि ११,५३० नोंदी मिळाल्या. म्हणजे एका नोंदीमागे सुमारे दीड हजार कागद! वर्षानुवर्षे न उघडलेले बस्ते त्या वेळी सोडावे लागले. म्हणून एखाद्या वर्षी कोणी फिरकले नाही, एवढ्यावरून दप्तर निकामी ठरवू नये. हिशेब अनेक वर्षांचा धरावा.

नोंदवहीत काय असावे? तारीख, गाव, कोणता कागद, कोणत्या सालचा, कोणत्या लिपीतला, कशासाठी हवा होता, आणि मिळाला की नाही. 'मिळाला नाही' हा रकाना सर्वांत मोलाचा. एकाच गावचे दहा जण हात हलवत परतले, तर तेथील बस्ता आधी शोधायला हवा, हे साहेबांना कळते. मोडी किंवा उर्दू वाचणारा नसल्याने काम अडले, तर तेही आकड्यात दिसते. ई-अभिलेखातून घरबसल्या काढलेल्या नकलाही यात धराव्यात.

शेतकरी बंधुभगिनींनो, यात आपलाही वाटा आहे. नकलेसाठी गेलात, तर अर्जात कारण स्पष्ट लिहा. कागद मिळाला नाही, तर तसे लेखी मागून घ्या. वाटणी मिटली, कर्ज मंजूर झाले, तर दोन ओळींचे पत्र त्या कार्यालयाला टाका. पुढच्या वर्षी दप्तरासाठी पैसा मागताना तीच पत्रे उपयोगी पडतील.