आधी सत्ता, मग चौकशी

पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर 2020 मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत 63 वा होता. खातं असेल तर चिरनेरसारख्या गावातल्या ओसरीवर लॅपटॉप उघडून त्याच्याशी बोलता येतं. समोर फक्त लुकलुकणारा कर्सर. याच यंत्रावर इतरही कितीतरी जणांचं संशोधन चालू असतं. तुमच्या हातून त्यांचं काम पुसलं गेलं तर?

जाणारच नाही! हे यंत्र लिनक्सवर चालतं, आणि लिनक्समध्ये सर्वाधिकार फक्त ‘रूट’ या खात्याकडे. गंमत म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, खात्याचं नाव पाहतच नाही. तो पाहतो क्रमांक, आणि रूटचा क्रमांक आहे शून्य.

मग देखभाल करणाऱ्यांनी काय करायचं? रूटचा पासवर्ड सगळ्यांना वाटला, तर कुणी काय केलं ते कळायचं कसं? 1980 च्या सुमारास अमेरिकेत, बफलोच्या विद्यापीठात बॉब कॉगेशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तोड काढली: ‘सुडो’. कमांडच्या आधी हा शब्द लिहा, पासवर्ड स्वतःचाच द्या. तेवढी एक कमांड रूट म्हणून चालते आणि तुमच्या नावावर नोंदली जाते.

पण तुम्ही चालवलेला प्रोग्राम शून्य क्रमांकाचा होतो कसा? ‘एलएस -एल’ या कमांडने सुडोची फाइल पाहा. परवानग्यांच्या ओळीत ‘एक्स’च्या जागी एक इवलासा ‘एस’ दिसेल. त्याचा अर्थ: चालवणारा कुणीही असो, हा प्रोग्राम मालकाच्या अधिकाराने चालेल. आणि मालक आहे रूट. ही युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांची कल्पना. तिला 1979 मध्ये पेटंटही मिळालं.

म्हणजे बघा, सुडो सुरू होतो तोच सर्वशक्तिमान होऊन. मग तो ‘सुडोअर्स’ ही नियमांची फाइल उघडतो आणि तुमचं नाव शोधतो. तिजोरीच्या आत उभा राहून पहारेकरी विचारतोय, आपण कोण?

देखभालीला नवा माणूस नेमायचा तर उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात त्याला ‘सुडो’ गटात घालतात, रेड हॅट या प्रकारात ‘व्हील’ गटात. कमांड ‘यूझरमॉड -एजी’. त्यातला छोटा ‘ए’ विसरलात, तर बिचारा बाकीच्या सगळ्या जोडगटांतून बाहेर! नियमांची फाइल बदलायला तर खास ‘विसुडो’ आहे. व्याकरण चुकलं की तो आधी अडवतो, कारण या फाइलमधल्या एका चुकीने सुडोच बंद पडू शकतो.

जानेवारी 2021 मध्ये क्वालिस या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सुडोतलीच एक फट जाहीर केली. ठरावीक तऱ्हेने चालवून शेवटी एकच उलटी तिरकी रेघ दिली, की सुडो स्वतःच्या स्मृतीत हद्दीबाहेर लिहू लागे. जुलै 2011 पासून ही फट उघडी होती. सुडोअर्समध्ये नाव नसलेला साधा वापरकर्ताही तिच्यातून रूट होऊ शकत होता, कारण पहारेकरी आधीच तिजोरीत होता.