कॅथलिक बिशपांचा अध्यक्ष कोण निवडतं, आणि त्याच्या हातात असतं तरी काय?

लोधीखेडा : आपल्या भागाचा हिशोब तसाही गुंतागुंतीचा. बाजार नागपूरचा, कलेक्टर २०२३ पासून पांढुर्ण्याचा, हायकोर्ट जबलपूरचं. कॅथलिक चर्चचंही तसंच आहे. सीमा ओलांडून सावनेरला गेलं की नागपूरच्या आर्चबिशपांची हद्द लागते. सौंसर-पांढुर्णा मात्र छिंदवाड्यासोबत जबलपूर धर्मप्रांतात, आणि जबलपूर भोपाळच्या आर्चबिशपांच्या प्रांतात.

मग टीव्हीवर 'भारतातील कॅथलिक बिशपांचे अध्यक्ष' असं नाव झळकतं, ते कोण? अनेकांना वाटतं, हे सगळ्या बिशपांचे साहेब असतील. तसं मुळीच नाही.

बिशपांची ही राष्ट्रीय परिषद, म्हणजे सीबीसीआय, १९४४ साली मद्रासला स्थापन झाली. कार्यालय दिल्लीत, गोल डाकखान्याजवळ अशोक प्लेसला. देशात कॅथलिकांचे १७४ धर्मप्रांत आहेत आणि बिशपांची सर्वसाधारण सभा साधारण दोन वर्षांनी भरते. तिथेच गुप्त मतदानानं अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि महासचिव निवडले जातात. मत फक्त बिशपांना. फादर, सिस्टर, आपल्यासारखी सामान्य माणसं, कोणालाच मत नाही.

इथे एक गंमत आहे. लॅटिन बिशप होतो पोपच्या नेमणुकीनं, त्याला निवडणूक नाही. पण हेच बिशप एकत्र बसले की आपला अध्यक्ष मतदानानं ठरवतात. त्यामुळे अध्यक्षाला कोणत्या बिशपाची बदली करता येत नाही, कोणाच्या धर्मप्रांतात जाऊन आदेश देता येत नाही. जबलपूरचे बिशप थेट पोपला जबाबदार, दिल्लीच्या कार्यालयाला नाही. परिषदेला सगळ्यांवर बंधनकारक नियम करायचा असेल तर चर्चच्या कायद्यानं परवानगी दिलेल्या विषयातच करता येतो. त्यालाही दोन तृतीयांश मतं लागतात आणि वरून रोमची मंजुरी.

भारतात कॅथलिकांच्या तीन परंपरा आहेत : लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकरा. केरळची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. चंद्रपूरचा धर्मप्रांत सिरो-मलबारचा आहे, आपल्या राज्यातले सागर, सतना, उज्जैनही. म्हणून पदं वाटताना तिन्हींचा विचार होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळुरूला त्रिशूरचे सिरो-मलबार आर्चबिशप अँड्र्यूज थाझत अध्यक्ष झाले. उपाध्यक्षांपैकी एक लॅटिन, एक मलंकरा. लॅटिन बिशपांची वेगळी परिषदही आहे, तिचं नाव सीसीबीआय. अक्षरांची अदलाबदल, त्यामुळे बातम्यांतही घोळ होतो. गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव २०१९ मध्ये अध्यक्ष झाले ते या दुसऱ्या परिषदेचे.

मराठी मुलखाचं या पदांवर वजन जुनंच. मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस १९५४ ते १९७२ अध्यक्ष होते. मरोळमध्ये जन्मलेले सायमन पिमेंटा १९८२ ते १९८८. मुंबईचेच ओस्वाल्ड ग्रेशियस दोनदा. वसईचे आर्चबिशप फेलिक्स मचाडो २०२० मध्ये महासचिव झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा. महासचिवपद नावाला दुसरं, पण रोजचं काम तिथूनच चालतं.

व्हॅलेरियन ग्रेशियस अध्यक्ष झाले त्याच वर्षी तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं मिशनरी कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली. राजधानी नागपूर होती, आपला छिंदवाडाही त्याच राज्यात. १९५६ला अहवाल आला, १९६८ला राज्यात धर्म स्वातंत्र्य कायदा, आणि २०२१ला त्याहून कडक नवा कायदा. वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

आणि इथेच अध्यक्षाचा खरा उपयोग कळतो. ३१ मार्च २०२५ला मंडल्याहून जबलपूरच्या चर्चना दर्शनाला आलेल्या भाविकांना धर्मांतराच्या आरोपावरून अडवून रांझी पोलीस ठाण्यात नेलं गेलं. मदतीला गेलेल्या फादरांना तिथेच मारहाण झाली. धर्मप्रांत आपलाच. सीबीसीआयनं निषेध केला, केरळच्या खासदारांनी विषय संसदेत नेला. गुन्हा मात्र पोलिसांनीच नोंदवायचा होता. बिशप परिषदेकडे ना वकिली अधिकार, ना पोलीस. तिच्याकडे आहे तो आवाज, आणि दिल्लीत दार ठोठावण्याची सोय. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी परिषदेच्याच नाताळ कार्यक्रमाला आले होते. दार उघडतं, हे खरं. आत गेल्यावर काय मिळतं, हा ज्याचा त्यानं ठरवायचा प्रश्न.

म्हणून सौंसर, लोधीखेड्यातल्या कोणाला मिशनच्या शाळेबद्दल, जागेबद्दल किंवा प्रार्थनेवरच्या त्रासाबद्दल काही मांडायचं असेल तर दिल्लीला पत्र पाठवून थेट निकाल लागणार नाही. आधी आपल्या धर्मग्रामाचे फादर, मग जबलपूरचे बिशप. मारहाण किंवा धमकी असेल तर त्याच दिवशी पोलीस ठाणं, आणि तक्रारीची शिक्का मारलेली प्रत हातात घेऊनच बाहेर पडायचं.