पाच ठिपक्यांची कूर्चा

गुडघ्याचं संगणकीय मॉडेल बांधताना मॉनिटरवर एमआरआयचा एक काप उघडलेला असतो. हाडाची टणक साल काळी, आतला मगज पांढरट आणि सालीला चिकटून करडा बारीक पट्टा, ती कूर्चा. माउसचं बटण दाबून धरायचं आणि कडेकडेने रंग भरत जायचं. एक काप संपला की पुढचा. मांडीचं हाड, नडगी, वाटी पटापट उरकतात. घोडं अडतं ते वरची आणि खालची कूर्चा एकमेकींना टेकतात तिथे. मधली रेघ दिसतच नाही. ती माणसालाच ठरवावी लागते.

कूर्चा असते दोन-चार मिलिमीटर जाड. अमेरिकेत २००४ पासून ४,७९६ जणांच्या गुडघ्यांचा मागोवा घेणाऱ्या 'ऑस्टिओआर्थरायटिस इनिशिएटिव्ह'मध्ये ०.७ मिलिमीटर जाडीचे काप घेतले. एवढ्या बारकाईनेही कापाच्या चित्रात पातळ कूर्चेच्या जाडीच्या वाट्याला जेमतेम पाचेक ठिपके (पिक्सेल) येतात. एक ठिपका हुकला की जाडी पाचव्या हिश्शाने चुकली!

रंगवलेल्या कापांतून उभा राहणारा आकार पायऱ्यापायऱ्यांचा असतो. तो घासून गुळगुळीत करावा, तर कूर्चा आणखी पातळ होण्याची भीती. मग त्याचे हजारो बारीक घटक पाडतात, प्रत्येकाला ताठरपणा देतात आणि संगणक दाबाचं गणित सोडवतो. हाडं बहुतेक वेळा न वाकणारीच धरतात. हाडांना जोडणारं लिगामेंट मात्र छळतं. ते कुठून कुठे जातं हे एमआरआय दाखवतो, पण किती ताणलेलं आहे ते दाखवत नाही.

ओहायोतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अहमेत एर्देमिर यांच्या गटाने ७० वर्षांच्या एका मृत स्त्रीच्या उजव्या गुडघ्यावरून 'ओपन नी' हे मॉडेल बांधलं आणि सर्वांसाठी खुलं केलं. पुढच्या टप्प्यात मृतदेहांचे गुडघे रोबोटवर बसवून वाकवले, पिळले. मॉडेलचं उत्तर ताडून पाहायला काहीतरी हवंच ना. नंतर तर पाच गटांनी एकाच माहितीवरून आपापली मॉडेलं बांधून पाहायचं ठरवलं, प्रत्येक निर्णयाची नोंद ठेवून. २०१९च्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच मॉडेलिंगमधल्या 'कले'चा उल्लेख आहे. असा कबुलीजबाब शास्त्रज्ञांकडून क्वचितच मिळतो.

तेव्हा कुणी गुडघ्याचं लाल-निळं संगणकीय चित्र दाखवून 'इथे दाब जास्त' म्हणालं, तर कडा कुणी आखल्या आणि उत्तर कशाशी ताडून पाहिलं, एवढं जरूर विचारा.