तीस वर्षांच्या वर्कस्टेशनवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम

सन मायक्रोसिस्टिम्सचं स्पार्कस्टेशन ५ हे १९९४ सालचं यंत्र. रॅम जास्तीत जास्त २५६ एमबी. सनच्या स्वतःच्या सोलारिस या सिस्टीमने या यंत्रांची साथ नवव्या आवृत्तीनंतर सोडली. मात्र नेटबीएसडी या मुक्त-स्रोत सिस्टीमची २०२४ साली आलेली १०.० ही आवृत्ती या यंत्रांसाठीही निघाली. हे कसं जमतं, ते पाहण्याजोगं आहे.

पहिलं कारण ड्रायव्हरच्या रचनेत आहे. या यंत्रातल्या नेटवर्कचं काम एएमडीच्या लान्सशी जुळणारी चिप करते. त्याच घराण्यातली चिप काही व्हॅक्स संगणकांमध्ये आणि अमिगा संगणकांच्या कार्डांवरही सापडते. म्हणून नेटबीएसडीत चिपला काय सांगायचं, हा भाग एकदाच लिहिलेला आहे. ती कोणत्या पत्त्यावर बसली आहे, मेमरीतून डेटा कसा उचलते, एवढाच छोटा भाग प्रत्येक यंत्रासाठी वेगळा. एका यंत्रावर सापडलेली सामाईक भागातली चूक दुरुस्त झाली, की बाकीच्यांचीही होते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इतक्या मंद यंत्रावर अख्खी सिस्टीम कम्पाइल करायची म्हणजे दिवसच्या दिवस लागतील. नेटबीएसडीची बिल्ड स्क्रिप्ट हे काम आजच्या साध्या पीसीवर करते. ती आधी या यंत्रातल्या स्पार्क प्रोसेसरसाठी कोड तयार करणारा कम्पायलर बनवते आणि मग त्याने कर्नलपासून छोट्या कमांडपर्यंत सगळं बांधते. याउलट ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त-स्रोत सिस्टीमचा कटाक्ष प्रत्येक सिस्टीम तिच्याच यंत्रावर बांधण्याचा. त्या शिस्तीचेही फायदे आहेत, पण ३२-बिट स्पार्कसाठी त्यांची शेवटची आवृत्ती २०१६ सालची ५.९.

आता बांधलेली सिस्टीम यंत्रात चढवायची कशी? सीडी ड्राइव्ह बहुधा निकामी झालेला असतो, तेव्हा नेटवर्कच बरं. कीबोर्ड जोडला नसेल तर यंत्र सिरियल पोर्टवर ९६०० च्या वेगाने बोलतं. तिथे ‘ओके’ दिसलं की ‘बूट नेट’ टाइप करायचं. यंत्र आपला इथरनेट पत्ता पुकारतं, सर्व्हर रार्प या प्रोटोकॉलने त्याला आयपी पत्ता देतो. मग यंत्र टीएफटीपीने एक लहानसा बूट प्रोग्राम मागतं, पण फाइलचं नाव म्हणून स्वतःचा आयपी पत्ता सोळाच्या पायाच्या अंकांत सांगतं. १९२.१६८.१.१० असेल तर सी०, ए८, ०१, ०ए हे सलग, आणि पुढे यंत्राच्या कुळाचं नाव ‘.सन४एम’. सर्व्हरवर नेमक्या त्याच नावाची फाइल नसेल, तर गाडी तिथेच अडते. हा प्रोग्राम आला, की तो कर्नल एनएफएसवरून ओढून घेतो.

पण पुकारायला पत्ता तर हवा! तो एनव्हीरॅम चिपमध्ये असतो आणि बॅटरीही त्याच चिपच्या पोटात. ती संपली की पत्ता पुसला जातो आणि पडद्यावर आयडीप्रॉम, म्हणजे यंत्राच्या ओळखीची माहिती, अवैध असल्याची तक्रार उमटते. अशा वेळी ‘ओके’पाशी एकेक बाइट हाताने भरता येतो. एकूण सोळा बाइट. त्यांत यंत्राचा प्रकार, सनच्या ८:०:२० ने सुरू होणारा इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी येतात. शेवटच्या बाइटमध्ये आधीच्या पंधरांचा एक्सॉर, म्हणजे पडताळणीचा आकडा. वीज गेली की हे सगळं पुन्हा पुसतं, म्हणून अनेक जण चिपचं आवरण तासून बाहेरून तीन व्होल्टचा सेल जोडतात. हात स्थिर असेल तर जरूर करावं, नाहीतर नवी चिप बसवावी.

एवढं सगळं असूनही एक काम पीसीवर होत नाही. कोड बिनचूक कम्पाइल झाला म्हणजे तो खऱ्या यंत्रावर चालतोच असं नाही. एम्युलेटर बरंच दाखवतो, पण जुन्या स्कझी डिस्कचा लहरीपणा त्यात उतरत नाही. प्रत्येक नवी आवृत्ती प्रत्यक्ष यंत्रावर कुणीतरी चालवून पाहावीच लागते, आणि अशी यंत्रं दरवर्षी कमी होत आहेत. तुमच्या प्रयोगशाळेत किंवा माळ्यावर असं एखादं वर्कस्टेशन असेल, तर भंगारात देण्याआधी ते नव्या आवृत्तीवर सुरू करून पाहा, आणि जे बिघडलं ते प्रकल्पाला कळवा.